पाणी कुठे मुरतंय? १९६५-६६च्या मस्टँगचा गंजलेला पत्रा बदलताना

जुन्या मस्टँगच्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड दिसले, की मालक त्याच रात्री नव्या क्वार्टर पॅनेलची, म्हणजे मागच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याची, ऑर्डर देऊन टाकतो. पॅनेल येतं, काळंभोर, भल्यामोठ्या खोक्यात. जुना पत्रा कापल्यावर मात्र कळतं, की आतल्या व्हीलहाउसची (चाकावरच्या आतल्या घुमटाची) चाळण झालीय, पुढचा रॉकर (दाराखालची पत्र्याची तुळई) आतून पोखरलाय आणि गाडीतली पायाखालची जमीन निव्वळ गालिच्याच्या जिवावर तग धरून आहे. बाहेर दिसणारा फोड हा गंजाचा शेवटचा मुक्काम असतो. पाणी आत शिरतं भलतीकडे, साचतं तिसरीकडेच. त्या वाटेने उलटं चालत गेल्याशिवाय एकही पत्रा विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घेतलंय ते १९६५-६६च्या फोर्ड मस्टँगचं, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा मिळतो आणि तिचे गंजायचे कोपरे सगळ्यांना पाठ झालेत. हिला मसल कार (ताकदवान इंजिनची) म्हणायचं की पोनी कार (लहान, स्पोर्टी), यावर जाणकारांचं भांडण चालूच असतं. २८९ घनइंची, २७१ अश्वशक्तीचं ‘के’ कोडचं इंजिन असेल तर मसल म्हणायला माझी हरकत नाही. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली. बांधणी डिअरबॉर्न, सॅन होजे आणि मेटचन अशा तीन कारखान्यांत व्हायची. यातला ‘मेटचन’ कारखाना प्रत्यक्षात होता न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये, जिथे आज आपली इतकी मंडळी राहतात. तो २००४ मध्ये बंद झाला. व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, दुसऱ्या जागी ‘टी’ असेल तर गाडी तिथली. ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्न, ‘आर’ म्हणजे सॅन होजे.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. पुढचे-मागचे रेल (तळाच्या लांब पोकळ पट्ट्या), जमीन, रॉकर आणि काउल (विंडशील्डपुढचा भाग) हे सगळे पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने (ठिपक्यांसारख्या जोडांनी) जोडलेत आणि तेच मिळून भार पेलतात. त्यामुळे जमिनीचा पत्रा कापला की नुसतं भोक पडत नाही, गाडीची ताकद कमी होते.

आधी पाण्याची वाट

विंडशील्डच्या पुढे जी जाळीदार पट्टी दिसते, तिच्याखाली काउलची पेटी असते. पावसाचं पाणी जाळीतून या पेटीत पडावं आणि दोन्ही टोकांनी पुढच्या फेंडरच्या मागून खाली वाहून जावं, अशी मूळ योजना. पेटीच्या तळाला हवा आत घेण्यासाठी दोन गोल भोकं आहेत, उजवीकडचं हीटरसाठी, डावीकडचं ड्रायव्हरच्या पायाजवळच्या व्हेंटसाठी. पाणी आत पडू नये म्हणून या भोकांना उभ्या गळपट्ट्या दिलेल्या आहेत. साठ वर्षांत पानं, माती आणि पाइनच्या सुया टोकाशी साचतात, निचरा तुंबतो आणि गळपट्टीच्या बुडाशी ओला चिखल महिनोन् महिने राहतो. पत्रा नेमका तिथे जातो. तिथून पाणी थेट गालिच्याखाली. गालिच्याखालचा डांबरी थर ते दाबून धरतो, म्हणजे वाळायचीही सोय नाही.

तपासणी सोपी आहे. गालिचा काढा, डॅशबोर्डखाली टॉर्च धरून एकाने आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने बागेच्या पाइपने काउलच्या जाळीत हळूहळू पाणी सोडायचं, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. जोरात सोडलंत तर पाणी गळपट्टीवरूनच उडी मारेल आणि चांगला काउलही गळका वाटेल.

गळपट्टीपुरताच गंज असेल तर वरून चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात. गाडी विकण्यापूर्वीचा उपाय म्हणून त्या ठीक. एरवी वरचा काउल उचलून खालचा बदलावा. त्यासाठी बॉनेट आणि बिजागऱ्या, दोन्ही फेंडर, वायपर आणि विंडशील्ड काढावी लागते आणि कडेने डझनावारी स्पॉट वेल्ड फोडावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बरेच जण ते टाळून थेट नवी जमीन बसवतात आणि काही वर्षांत ती जमीन पुन्हा खालून सोलायला लागते.

बाकीची तपासणी बोथट पेचकस आणि छोट्या हातोडीने होते. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. सीटच्या पुढे जमिनीला टोचून बघा. खालून जमिनीच्या आधाराचे रेल बघा. मागच्या लीफ स्प्रिंगचा पुढचा डोळा जिथे अडकतो तो भाग आणि मागे शॅकलजवळचा (स्प्रिंगचं मागचं टोक टांगणाऱ्या पट्टीजवळचा) रेल नीट वाजवा, कारण इथला गंज जिवावर बेतू शकतो. इंजिनच्या खणात उजव्या पुढच्या कोपऱ्यात बॅटरी असते. तिच्या ॲसिडने ट्रे, त्याखालचा एप्रन (इंजिनच्या खणाची बाजूची भिंत) आणि रेडिएटर सपोर्ट खाल्लेला नसेल तर नशीब समजा. डिकीत बाजूच्या खळग्यात, म्हणजे क्वार्टर आणि डिकीच्या जमिनीच्या मधल्या ‘ड्रॉप-ऑफ’मध्ये, हात घालून चाचपा. तिथे पाणी येतं ते डिकीच्या रबरातून, टेल लाइटच्या गॅस्केटमधून किंवा मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून क्वार्टरवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर किंवा फायबरग्लास आहे. मिशिगन-ओहायोकडच्या गाड्यांत हे हमखास सापडतं, हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठाची कृपा.

कात्री लावण्याआधी

व्हीआयएनचा शिक्का डाव्या पुढच्या एप्रनच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. फेंडरला तिथे खाच ठेवलेली आहे, बॉनेट उघडलं की दिसतो. हा तुकडा कापायचा नाही, घासायचा नाही, दुसऱ्या पत्र्यावर डकवायचा तर मुळीच नाही. अमेरिकेत व्हीआयएन काढणं किंवा बदलणं हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. एप्रन अगदीच गेला असेल तर हात लावण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन खात्याकडून लेखी उत्तर घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला रिव्हेट केलेली पट्टीही जपा. दार बदललं की ती भंगारात जाते आणि तिच्यासोबत रंगाचा, आतल्या सजावटीचा आणि बॉडीचा मूळ कोड जातो. ६५ए म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छपराची), ६३ए फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची), ७६ए कन्व्हर्टिबल (उघडत्या छपराची).

गाडी ‘के’ कोड किंवा शेल्बी (शेल्बीने सुधारलेली खास मस्टँग) असेल तर मूळ पत्रा शक्य तितका ठेवा. क्वार्टरचा फक्त खालचा हात-दीड हात भाग गेला असेल तर अख्खं पॅनेल बदलण्यापेक्षा खालचा तुकडा बसवलेला बरा. वरचा कारखान्यातला सांधा शाबूत राहतो आणि ज्याला जुन्या गाडीतलं कळतं तो गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतो.

पेट्रोलची टाकी आधी उतरवा. या गाडीत टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ आहे. कडेचे स्क्रू आणि नळ्या सोडल्या की ती खाली येते. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. ती गॅरेजच्या बाहेर ठेवा, गाडीखाली सरकवून नव्हे. बॅटरीच्या तारा काढा, अल्टरनेटरची जोडणी सोडा. गालिचा, सीट आणि आतलं अस्तर काढा, काचा ओल्या जाड कापडाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग पुसून जात नाहीत. जुना डांबरी थर पेट घेतो, म्हणून वेल्डिंगच्या जागेपासून दोन्ही बाजूंनी किमान १०० मिमी खरवडून काढा. आगीचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

आता दारं. बिजागरीच्या पिना आणि बुश झिजलेले असतील तर ते आधी बदला. लोंबकळणाऱ्या दाराला जुळवून क्वार्टर बसवलं तर पुढे बिजागरी दुरुस्त होईल त्या दिवशी सगळ्या फटी बिघडतील. दार बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजा आणि मास्किंग टेपवर तिथेच लिहून ठेवा. साधारण ४ ते ५ मिमीची, वरपासून खालपर्यंत सारखी फट हे लक्ष्य. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट मिटत आली असेल तर गाडी मधोमध बसलीय. कन्व्हर्टिबलमध्ये हे सर्रास दिसतं.

मग ब्रेसिंग, म्हणजे तात्पुरता आधार. २५ मिमीचा, दीड-दोन मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या. प्रत्येक दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवा आणि एक तिरका, शिवाय दोन्ही मागच्या खांबांना जोडणारा गाडीच्या रुंदीभर एक. ते असे जोडा की दार लावता-उघडता येईल, नाहीतर फटी तपासणार कशा? कन्व्हर्टिबलला याच्या दुप्पट आधार द्या. गाडी चाकांवर उभी असताना जिथे भार येतो तिथेच स्टँड लावा, म्हणजे मागे ॲक्सलखाली आणि पुढे रेलखाली. मध्ये रॉकरखाली स्टँड लावून त्याच रॉकरला कापू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. कर्णांची मापं घ्या, डावा पुढचा बिंदू ते उजवा मागचा आणि उलट. फोर्डच्या बॉडी मॅन्युअलमध्ये तळाच्या मापांची आकृती आहे. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १०८ इंच, म्हणजे २,७४३ मिमी.

क्रम असा: काउल, मग रेल आणि टॉर्क बॉक्स, मग आतला रॉकर, जमीन, बाहेरचा रॉकर, व्हीलहाउस, ड्रॉप-ऑफ आणि सगळ्यात शेवटी क्वार्टर. आतून बाहेर. टॉर्क बॉक्स म्हणजे पुढचा रेल आणि रॉकर यांना जोडणारी पेटी. कन्व्हर्टिबलला ती दोन्ही बाजूंना मूळचीच असते. एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्हीकडचे रॉकर एकदम काढून ठेवणं म्हणजे केळं सोलून सरळ उभं राहील अशी आशा धरणं.

जमिनीवर फार शब्द खर्च करत नाही. पुढचा अर्धा तुकडा, लांब तुकडा आणि दोन्ही बाजू एकत्र असलेली अखंड जमीन, असे तीन प्रकार मिळतात. सीटच्या खालचा उंच प्लॅटफॉर्म चांगला असेल तर त्याचे स्पॉट वेल्ड फोडून तो जपून काढा, नव्या जमिनीवर तोच बसवा. मधल्या बोगद्याच्या कडेला २५ मिमीचा ओव्हरलॅप चालतो. फक्त दोन्ही बाजूंनी सीलर हवा. जाडी पाहून घ्या: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २० गेज ०.९, २२ गेज ०.७५. २२ गेजची जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी नको. रेलसाठी १४ गेज, म्हणजे १.९ मिमीच्या आसपास.

क्वार्टर पॅनेल

तीन पर्याय असतात. चाकाच्या कमानीचा आणि त्यामागचा छोटा तुकडा. वरच्या बॉडी लाइनपर्यंत (पत्र्यावरच्या लांब उठावदार रेघेपर्यंत) येणारी ‘स्किन’. आणि दाराची चौकट, डिकीची पन्हळ, छपराकडे जाणारा तिरका खांब अशा सगळ्यासकट अखंड क्वार्टर. अखंड महाग असतं आणि काढायला जास्त मेहनत पडते, पण सांधे सगळे कारखान्याच्याच जागी येतात. स्किन बसवताना दोन-अडीच हात लांबीचा सांधा तुमच्या हातांनी, दिसणाऱ्या जागी, सपाट पत्र्यात जोडावा लागतो. नवशिक्यासाठी स्किन सोपी असं सगळीकडे सांगितलं जातं. मला ते पटत नाही. स्पॉट वेल्ड फोडणं हे चिकाटीचं काम आहे, लांब सांधा न वाकवता जोडणं हे हाताच्या कसबाचं.

अखंड क्वार्टर काढताना पहिली गाठ शिशाशी पडते. छप्पर आणि क्वार्टर यांचा सांधा कारखान्यात शिसं-कथिलाने भरून गुळगुळीत केलेला आहे. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतो आणि अडीचशेच्या आसपास पूर्ण वितळतो, म्हणजे साधा प्रोपेन टॉर्च पुरतो. ज्योत फिरती ठेवा, मऊ झालं की तारेच्या ब्रशने खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये पाडा. ग्राइंडर लावू नका. शिशाची धूळ फुप्फुसात जाते आणि घरभर पसरते. दारं-खिडक्या उघड्या, तोंडावर योग्य फिल्टरचा मास्क आणि काम झाल्यावर कपडे वेगळे धुवायचे. सांध्यात शिसं थोडंही राहिलं तर नवा वेल्ड त्यात फुटतो, त्यामुळे पत्रा चकाकेपर्यंत साफ करा.

नंतर नवं पॅनेल जुन्यावर धरून बघा, मगच कापा. पहिला काप मुद्दाम ओबडधोबड, ठरलेल्या रेषेच्या २५ मिमी आत. मधला मोठा पत्रा निघून गेला की कडेच्या फ्लँज (जोडासाठी दुमडलेल्या कडा) मोकळ्या दिसतात आणि स्पॉट वेल्ड शोधणं सोपं होतं. रंग खरवडला की ते गोल खळगे म्हणून दिसतात. प्रत्येकाला मधोमध पंच मारा आणि ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापा. खालच्या पत्र्याला नुसती चकाकी आली की थांबा. आरपार भोक पाडलंत तर नंतर तेही भरावं लागतं. उरलेल्या चिकटलेल्या जागा पातळ छिन्नीने सोडवा. छिन्नी नेहमी टाकाऊ पत्र्याकडे कलती ठेवायची. खालची फ्लँज डॉलीवर (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) ठोकून सपाट करा, उंचवटे घासा.

आता व्हीलहाउसचं बाहेरचं अर्ध आणि ड्रॉप-ऑफ उघडे पडलेले असतात. ते बदलायची हीच वेळ. व्हीलहाउसची बाहेरची कड क्वार्टरच्या ओठाला जुळते. ती कड ५ मिमी जरी आत-बाहेर झाली तरी क्वार्टरची कमान दुसऱ्या बाजूच्या कमानीशी जुळणार नाही. म्हणून व्हीलहाउस आधी नुसते चार टाके देऊन अडकवा, क्वार्टर लावून बघा आणि मगच पक्कं करा.

नव्या पॅनेलबद्दल एक कडू सत्य: सरळ काढलं आणि बसलं, असं होत नाही. डायनाकॉर्नसारख्या नामवंत कंपनीचं असो की स्वस्तातलं, साच्यातला फरक, वाहतुकीतली पिचक आणि तुमच्या साठ वर्षांच्या गाडीचा स्वतःचा वाकडेपणा हे तिन्ही एकत्र येतात. नेहमीच्या तक्रारी म्हणजे बॉडी लाइन दाराच्या रेषेपेक्षा दोन-तीन मिमी वर-खाली असणं, दाराची फट खाली रुंद होत जाणं आणि टेल लाइटजवळचा कोपरा मागच्या पॅनेलशी न जुळणं. म्हणून पॅनेल क्लेकोने (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या पिनांनी) किंवा पत्र्याच्या स्क्रूने पूर्ण अडकवा. क्लेकोसाठी ३.२ मिमीचं भोक लागतं. दार बंद करा, डिकीचं झाकण लावा, टेल लाइट, क्वार्टरचं मागचं ओतीव टोक आणि बंपरसुद्धा बसवून बघा. हे टोक नरम मिश्रधातूचं ओतलेलं असतं, ते वाकवून जुळत नाही; पत्र्यालाच त्याच्याशी जुळावं लागतं. जुळलं नाही तर सगळं काढा, सुधारा, पुन्हा लावा. रुंद फटीला कडेवर वेल्डची रेघ देऊन ती घासून आकार देता येतो. अरुंद कड थोडी घासता येते, पण दुमडीचे दोन पदर सुटणार नाहीत इतपतच. बॉडी लाइन खाली असेल तर फ्लँजला एक चीर देऊन पॅनेल उचला आणि चीर नंतर वेल्डने भरा. या जुळवाजुळवीला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. जात नसेल तर काहीतरी बघायचं राहून गेलंय.

पॅनेलवरचा काळा थर वाहतुकीपुरता आहे की टिकाऊ, हे लॅकर थिनरने भिजवलेल्या फडक्याने घासून ठरवा. रंग फडक्यावर उतरला तर सगळा काढून टाका. नाही उतरला तर खरखरीत करून त्यावर इपॉक्सी प्रायमर चालतं. वेल्डच्या जागी मात्र तो दोन्ही बाजूंनी काढायचाच.

वेल्डिंग आणि पत्र्याचं वाकणं

मिग मशीन (तार पुरवत गॅसच्या आडोशाने जोडणारं वेल्डिंग यंत्र), ०.६ मिमीची ईआर७०एस-६ तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, मिनिटाला १० ते १२ लिटर. गॅसशिवायची फ्लक्स भरलेली तार या पातळ पत्र्याला फार उष्णता देते, ती वापरू नका. मशीनवरचे आकडे माझे तुम्हाला लागू होणार नाहीत. जुन्या क्वार्टरचा तुकडा समोर आहेच, त्यावर सराव करा. मागच्या बाजूला वेल्डचा छोटा उंचवटा दिसला म्हणजे तो आरपार गेलाय. नुसता वर बसलेला गोळा असेल तर उष्णता कमी पडली.

फ्लँजवर प्लग वेल्ड, म्हणजे वरच्या पत्र्यातल्या भोकातून खालच्याला जोडणं: नव्या पत्र्यात ८ मिमीची भोकं, कारखान्याच्या मूळ अंतराने, साधारण २५ ते ४० मिमीवर. दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचं वेल्ड-थ्रू प्रायमर मारा, पण भोकाच्या तळाशी ते खरवडून उघडा पत्रा ठेवा, नाहीतर जस्त उकळून वेल्डमध्ये छिद्रं पडतात. जस्ताचा धूर ताप आणतो, हवा खेळती हवी. दोन्ही पत्रे पक्कडीने घट्ट दाबलेले असावेत आणि वेल्डची सुरुवात खालच्या पत्र्यावर मध्यात करून गोल फिरत कडेला यावं. वरून सुरुवात केली तर वेल्ड देखणा दिसतो आणि छिन्नीच्या एका घावात सुटतो.

पहिले टाके दाराच्या चौकटीत, छपराच्या सांध्याला आणि मागच्या कोपऱ्यात, प्रत्येकी दोन-तीन. मग दार लावून बघा. ठीक असेल तर पुढे जा, प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा दार.

स्किन किंवा तुकडा लावायचा असेल तर सांधा एकावर एक चढवलेला नको, काटोकाट हवा. चढवलेल्या सांध्यात मागून ओल शिरते, आणि जिथे दुप्पट जाडीचा पत्रा आहे तिथे उन्हात वेगळा तापून चकचकीत रंगातून रेघ दिसते. दोन कडांमध्ये ०.८ ते १ मिमी फट ठेवा. त्यासाठी छोटे बट-वेल्ड क्लॅम्प मिळतात. सांधा सपाट मैदानात न घेता बॉडी लाइनच्या जवळ घ्या, तिथला दुमडलेला पत्रा ताठ असतो.

पत्रा वाकतो तो का, हे समजलं की निम्मं काम झालं. तापलेला भाग पसरायला बघतो, पण भोवतीचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो जाडीत फुगतो. गार होताना आकसायला त्याला कुणीच अडवत नाही, म्हणून शेवटी तो मूळच्यापेक्षा आखूड होतो आणि शेजारच्या पत्र्याला ओढून घेतो. उपाय दोन. पहिला, उष्णता एका जागी साचू द्यायची नाही. २५-३० मिमीवर टाके, प्रत्येक जेमतेम एका सेकंदाचा, एक इकडे, पुढचा हातभर लांब. टाक्याजवळ हात ठेवता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारी दुसरा नाही. मग मधल्या जागा अर्ध्या-अर्ध्या करत भरायच्या. दुसरा, आखूड झालेलं पुन्हा ताणायचं. टाका पत्र्याच्या जवळपास घासून आणा, मागे डॉली घट्ट धरा आणि नेमक्या टाक्यावर हातोडीचे हलके घाव द्या, त्याने तो पातळ होऊन पसरतो. मिगचा वेल्ड कडक असतो, म्हणून हे प्रत्येक फेरीला करावं, शेवटासाठी राखून ठेवू नये. गॅस वेल्डिंगवर हात बसलेले आपल्याकडचे जुने कारागीर हेच करत आले, त्यांचा वेल्ड मऊ असल्याने हातोडीला चटकन दाद देतो. घासणंही बेताने. ग्राइंडरची चकती एका जागी दाबून धरली की पत्रा निळा पडतो, आणि निळा पडला म्हणजे वाकण्याइतका तापला.

हल्ली पॅनेल चिकटवायचा गोंद मिळतो. बाहेरच्या स्किनच्या कडांना तो चांगला चालतो, पत्रा अजिबात वाकत नाही. पण त्याच्या शेजारी नंतर वेल्डिंग केलं तर तो जळतो, आणि रॉकर, रेल किंवा टॉर्क बॉक्सला तो वापरायचा नाही.

छपराचा सांधा पुन्हा भरताना शिसं वापरणार असाल तर कथिल चढवायच्या पेस्टमधलं ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा. ते राहिलं तर रंगाखाली वर्षभरात फोड येतात. शिसं नको असेल तर आधी फायबरच्या धाग्यांची पुट्टी, कारण ती पाणी शोषत नाही, आणि वर साधी. साध्या पुट्टीचा थर कुठेही दोन-तीन मिमीपेक्षा जाड लागत असेल तर हातोडी पुन्हा उचला.

सीलर, मेण आणि शेवटचं पाणी

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर, मग रंग. सीलर थेट पत्र्यावर भरला की त्याच्या कडेखाली गंज सुरू होतो. बाथरूमचं सिलिकॉन तर गाडीच्या जवळपासही आणू नका, त्याच्या अंशाने सबंध पॅनेलवर रंग फाटतो. रॉकरच्या खालच्या निचऱ्याच्या फटी सीलरने बुजवू नका. हा प्रकार चांगल्या गॅरेजमधून आलेल्या गाड्यांतही दिसतो. पोकळ भागांत मारायचं मेण रंगकाम पूर्ण झाल्यावर, लांब नळीने रॉकरमध्ये, क्वार्टरच्या खालच्या खळग्यात आणि मागच्या रेलमध्ये सोडा. निचऱ्यातून थेंब टपकायला लागले की आत पोहोचलं असं समजा. रंगाआधी मेण मारलं तर रंगाचं वाटोळं.

टाकी परत चढवताना तिच्या कडेखाली सीलरची अखंड पट्टी हवी, कारण ती कड म्हणजेच डिकीचा तळ. टेल लाइटची, फिलरच्या तोंडाची गॅस्केट आणि डिकीचं रबर नवं घाला. गालिचे टाकण्याआधी एकाने डिकीत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने बाहेरून पंधरा मिनिटं पाइप मारावा, मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करून बंपरपर्यंत. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा, वाळू द्या, सीलर भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाइप लावा. डिकी उघडण्याची किल्ली बाहेरच्याकडे आहे ना, तेवढं बघा.